रात्रीची नजर, रात्रीचा रस्ता

(दृश्य: मांजरसुंब्याहून केजकडे जाणारा रस्ता. डिसेंबर महिना, दिवस नुकताच मावळलेला.)

निवेदन:

डिसेंबरात मराठवाड्यात सहाच्या सुमारास दिवस बुडतो. गळीत हंगाम भरात असतो, आणि फडातून निघालेला ऊस रात्रभर रस्त्यावर असतो. डबल ट्रॉली ओढणारे ट्रॅक्टर, काठोकाठ भरलेले ट्रक, बैल जुंपलेल्या टायरगाड्या. त्याच रस्त्यावर रात्रपाळीची लाईट आली म्हणून मोटर चालू करायला निघालेला शेतकरी असतो, लग्नाहून परतणारी जीप असते, पुण्याला निघालेल्या खासगी बसगाड्या असतात.

(दृश्य: थांबलेली ट्रॉली, मागून, अगदी जवळून.)

ही ट्रॉली नीट बघा. ऊस दोन्ही अंगांनी बाहेर आलेला आहे. वाढं, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, मागे लोंबतंय. त्याच्या आड लाल दिवा आहे, पण त्याची वायर तुटलेली आहे. रिफ्लेक्टरची पट्टीही आहे, तिच्यावर चिखल वाळून बसलाय. गाडीवानाने हात फिरवला की खालून लाल रंग निघतो. एवढाच हात रोज निघताना फिरला पाहिजे, आणि वाढं पट्टीच्या वर बांधलं गेलं पाहिजे. ते झालं नाही, तर मागून येणाऱ्याला काळ्या रस्त्यावर काळा ढीग, एवढंच असतं. आणि तोही दिसला तर.

आता मागच्या गाडीचं बघू. साध्या हॅलोजन दिव्याच्या डिपरवर, म्हणजे खाली झुकवलेल्या उजेडात, न चमकणारी वस्तू साधारण ४० ते ६० मीटरवर दिसते. ताशी ८० किलोमीटर म्हणजे सेकंदाला २२ मीटर. समोर काहीतरी आहे हे कळून पाय ब्रेकवर जाईपर्यंत दीड सेकंद धरा, तेवढ्यात ३३ मीटर गेले. पुढे कोरड्या डांबरावर गाडी थांबायला आणखी ३५ मीटर लागतात. झाले जवळपास ७०. ब्रेक कितीही चांगले असोत, ट्रॉली दिसली तेव्हाच उशीर झालेला असतो. वेग ६० वर आणला तर हाच हिशेब ४५ मीटरवर येतो. पण नव्या रुंद रस्त्यावर ८० ने जाणाऱ्याला आपण जोरात चाललोय असं वाटतच नाही, आणि मला सगळ्यात जास्त काळजी त्याचीच वाटते.

समोर कुणी नसेल तर खुशाल अप्पर, म्हणजे लांबवर जाणारा उजेड, लावावा, तो त्यासाठीच आहे. समोरून गाडी आली की डिपर. ट्रकच्या पाठीवर 'यूज डिपर ॲट नाईट' हे आपण सगळ्यांनी लहानपणापासून वाचलंय. ते पाळणारे कमी होत चाललेत, याचं वाईट वाटतं.

कारण समोरच्याचे डोळे दिपले की त्याचं काय होतं, ते बघा. आपल्या डोळ्याच्या पडद्यावर दोन जातीच्या पेशी असतात. शंकूपेशी उजेडात रंग आणि बारकावे दाखवतात. दंडपेशी मंद उजेडात काम करतात. दंडपेशींतलं रंगद्रव्य 'अ' जीवनसत्त्वापासून बनतं आणि प्रखर उजेड पडला की विरून जातं. ते पूर्ण भरून यायला अर्धा तास लागतो. म्हणून ढाब्याच्या झगझगीत ट्यूबखाली जेवून उठलं की लगेच किल्ली फिरवू नये. थोडा वेळ अंधारात उभं राहावं. रस्त्यावर समोरचा अप्पर डोळ्यांत घुसला, तर नजर सावरायला काही सेकंद जातात, वय जास्त असेल तर आणखी. ताशी ६० च्या वेगाने पाच सेकंद म्हणजे ८३ मीटर. तेवढं अंतर माणूस अंदाजाने गाडी हाकत असतो.

(दृश्य: रस्त्याकडेचं गॅरेज. मिस्त्री दिव्याची काच काढतोय.)

हल्ली जुन्या गाडीतला हॅलोजन बल्ब काढून तिथेच पांढरा एलईडी बसवून घेतात. स्वतःला रस्ता लख्ख दिसतो, पण फसगत इथेच आहे. त्या दिव्याचा वाटीसारखा आरसा हॅलोजनची तार नेमकी कुठे असेल हे धरून घडवलेला असतो. एलईडीचा उजेड त्या जागेवरून निघाला नाही की किरण विस्कटतात आणि थेट समोरच्याच्या डोळ्यांत जातात. काच पिवळी पडली असेल तर ती घासून घ्या किंवा बदला. बहुतेक वेळा उजेड कमी झालेला असतो तो तिथेच.

दिव्याचा कोन तपासायला यंत्रच लागतं असं नाही. सपाट जागी भिंतीपासून दहा मीटरवर गाडी लावा. डिपरच्या उजेडाची वरची कड दिव्याच्या उंचीपेक्षा दहा-पंधरा सेंटिमीटर खाली दिसली पाहिजे. मागे चार माणसं आणि दोन पोती टाका, आणि तीच कड वर सरकताना बघा. बऱ्याच मोटारींत स्टिअरिंगजवळ आकडे असलेली छोटी चकती असते, ती ओझ्याप्रमाणे दिवा खाली घेण्यासाठीच. दुचाकीवर तिघं बसले की दिवा आभाळाकडे जातो, आणि तिथे चकतीही नसते.

कुणी अप्पर सोडलाच नाही तर त्याच्या दिव्याकडे बघू नका. वेग कमी करा आणि नजर रस्त्याच्या डाव्या कडेच्या पांढऱ्या पट्टीवर ठेवा. रात्रीसाठी म्हणून विकतात ते पिवळे चष्मे घेऊ नका. २०१९ मध्ये एका अमेरिकी नेत्र-नियतकालिकात आलेल्या अभ्यासात त्यांनी रस्त्यावरचा माणूस लवकर दिसत नाही, असंच आढळलं. येणारा उजेड ते आणखी कमी करतात.

(दृश्य: नेत्रतपासणी शिबिर. अक्षरांचा तक्ता.)

लायसन काढताना नमुना १ भरतो. 'चांगल्या दिवसाउजेडी २५ मीटरवरून गाडीचा नंबर ओळखता येतो का?' हा त्यातला प्रश्न. रातांधळेपणा आहे का, हेही विचारलेलं असतं, पण उत्तर आपणच लिहायचं. आणि बऱ्याच जणांना तो आहे हे माहीतच नसतं. तक्ता शेवटच्या ओळीपर्यंत वाचणारा माणूस रात्री चाचपडू शकतो.

मोतीबिंदू सुरू झाला की दिव्यांना किरणं फुटतात, भोवती वलय दिसतं. भिंगाच्या मागच्या बाजूला येणारा मोतीबिंदू यात सगळ्यात त्रासदायक. तो मधुमेह असलेल्यांत आणि बरेच दिवस स्टिरॉइड घेतलेल्यांत जास्त आढळतो. तो काढता येतो. जालन्याच्या गणपती नेत्रालयापासून उदगीरच्या लायन्स नेत्र रुग्णालयापर्यंत मराठवाड्यात त्याची चांगली सोय आहे. चष्म्याचा नंबर वाढलेला असेल तर काम आणखी सोपं.

पडद्याच्या आनुवंशिक आजाराचं मात्र तसं नाही. त्यात आधी रात्रीची नजर जाते, मग दोन्ही बाजूंचं दिसणं आकसत जातं. मामाच्या, आत्याच्या घरातली सोयरीक आपल्याकडे चालत आलेली आहे, आणि अशा लग्नांत हे आजार पुढच्या पिढीत उतरण्याची शक्यता वाढते. घरात एकाला निदान झालं असेल, तर बाकी भावंडांचे डोळेही तपासून घ्या.

शिबिरात गेलात की 'कमी दिसतं' एवढ्यावर थांबू नका. 'मी रात्री गाडी चालवतो, समोरच्या लाईटने त्रास होतो,' असं स्पष्ट सांगा. म्हणजे डॉक्टर बाहुली मोठी करून पडदा बघतील. त्यासाठी थेंब टाकल्यावर काही तास धूसर दिसतं, तेव्हा परतताना गाडी दुसऱ्या कुणाकडे द्या. आणि घरातले काका, वडील हल्ली संध्याकाळी निघायचं म्हटलं की 'नको, सकाळी जाऊ' म्हणायला लागले असतील, तर ते कंटाळा करताहेत असं समजू नका. त्याच आठवड्यात त्यांचे डोळे दाखवून आणा.