७५ पौंडांची तात

(दृश्य: सांगली, विश्रामबाग. खेळाच्या साहित्याचे दुकान, सकाळची वेळ.)

या दुकानाच्या कोपऱ्यात एक यंत्र आहे. रॅकेटची चौकट त्यावर आवळून बसवायची, तार छिद्रातून ओवून पकडीत द्यायची, ठरवलेला ताण बसला की चिमट्याने ती जागच्या जागी धरायची आणि पुढच्या छिद्राकडे वळायचे. या कामाला इथले खेळाडू ‘गटिंग’ म्हणतात. आज बहुतेक रॅकेटना नायलॉनची किंवा पॉलिएस्टरची तार चढते. शब्द मात्र राहिला आहे जुन्या वस्तूचा, जनावराच्या आतड्यापासून (इंग्रजीत ‘गट’) केलेल्या तारेचा. मराठीत तिला स्वतःचे नाव आहे: तात. पिंजाऱ्याच्या धनुकलीवर जी ताणलेली असे आणि कापूस पिंजताना जिचा टणत्कार गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू येई, ती हीच.

सांगलीला रॅकेट नवी नाही. नंदू नाटेकर यांचा जन्म १९३३ साली याच शहरात झाला. ते आधी टेनिस खेळत, पुढे बॅडमिंटनकडे वळले आणि १९५६ मध्ये क्वालालंपूर येथे आंतरराष्ट्रीय विजेतेपद मिळवणारे पहिले भारतीय बॅडमिंटनपटू ठरले. आजची हकिकत मात्र अमेरिकेच्या टेनिसपटू पीट सॅम्प्रसची आहे. त्याने आपल्या रॅकेटला अखेरपर्यंत तातच लावली, आणि तीही इतक्या ताणाने की इथल्या कारागिराने आकडा ऐकून तो पुन्हा विचारला.

या दुकानात येणारा टेनिसपटू साधारणपणे ५० ते ५५ पौंड ताण सांगतो. सॅम्प्रसच्या रॅकेटवर तो ७५ पौंडांच्या आसपास असे, म्हणजे प्रत्येक तारेवर सुमारे ३४ किलोची ओढ.

(दृश्य: यंत्रावर जुनी चौकट. ताणाचा आकडा वर सरकताना.)

ताण वाढवला की फटक्याचे बळ वाढते, असा अनेकांचा समज आहे. प्रत्यक्षात उलटे घडते. आमच्या विनंतीवरून कारागिराने एका जुन्या चौकटीवर नायलॉनची तार ७५ पौंडांनी ओढली. चौकट तडकेल या भीतीने त्यांनी प्रत्येक तारेला क्षणभर थांबून मगच पुढची तार घेतली. मग ती रॅकेट आणि ५५ पौंडांची दुसरी रॅकेट, दोन्ही ओट्यावर घट्ट धरून, खांद्याच्या उंचीवरून चेंडू सोडला. ५५ पौंडांवर तो उंच उसळला, ७५ पौंडांवर बराच कमी. तारांची सैल जाळी आत दबते, चेंडूची ऊर्जा सामावून घेते आणि त्यातील बहुतेक परत देते. घट्ट जाळी फारशी दबत नाही; त्यामुळे दबतो तो चेंडू, आणि दबलेला चेंडू आपली बरीच ऊर्जा स्वतःतच घालवून बसतो. मात्र जाळीवर तो कमी वेळ राहतो आणि कोणत्या कोनातून सुटेल याचा अंदाज अचूक येतो. सॅम्प्रसने जाळीकडून बळ मागितले नाही, फक्त दिशा मागितली.

बळाची व्यवस्था त्याने दुसरीकडे केली होती. विल्सन कंपनीची प्रो स्टाफ ही त्याची चौकट ग्रॅफाइट आणि केव्हलार या मजबूत कृत्रिम धाग्यांची होती आणि तिच्या डोक्याचे, म्हणजे तारांच्या भागाचे, क्षेत्रफळ अवघे ८५ चौरस इंच होते. तिच्या दोन्ही कडांना शिशाच्या पट्ट्या चिकटवलेल्या असत आणि सगळे मिळून वजन ४०० ग्रॅमच्या जवळ जाई. आज दुकानात मिळणारी रॅकेट बहुधा ३०० ग्रॅमच्या आसपास असते. इतके जड डोके वेगाने फिरले की चेंडूच्या माऱ्याने ते हातात वळत नाही. अर्थात ते वेळेवर फिरवण्यासाठी मनगट आणि खांदा तसाच लागतो, आणि मध्यबिंदूपासून जरा ढळलेला फटका ही छोटी चौकट माफ करत नाही.

मग तातच का? कारण इतक्या ताणावरही ती लवचीक राहते. कृत्रिम तार त्या ताणावर फळीसारखी कडक लागते. टेनिससाठी तात करण्याचे काम फ्रान्समधील लियाँ येथे बाबोला घराण्याने १८७५ साली सुरू केले. त्याआधी हे घराणे वाद्यांसाठी आतड्याच्या तारा करत असे. सॅम्प्रस याच कंपनीची बारीक तात वापरी. ती लवकर तुटे, दमट हवेत बिघडे आणि महागही असे. शिवाय ताण दिल्या क्षणापासून ती थोडी थोडी उतरू लागते, म्हणून त्याच्या रॅकेटचे गटिंग रोज नव्याने होई, आदल्या दिवशी ती रॅकेट पिशवीतून बाहेर निघालेली नसली तरीही. इथून जवळच मिरजेला सतारमेकरांची गल्ली आहे. काल जुळवलेला तंबोरा आज तसाच घेऊन कोणी मैफिलीला बसत नाही, हे तिथे कोणाला समजावून सांगावे लागत नाही.

(दृश्य: हिरवळीचे कोर्ट, सर्व्हिसचा पवित्रा.)

१९९० मध्ये १९ वर्षांच्या सॅम्प्रसने आंद्रे आगासीला सरळ सेटमध्ये हरवून अमेरिकन ओपन जिंकली. १९९३ ते १९९८ अशी सलग सहा वर्षे त्याने वर्षअखेरीस अव्वल क्रमांक राखला आणि विम्बल्डन सात वेळा जिंकले. हिरवळीवर चेंडू खाली राहतो आणि सरकत येतो. जोरदार सर्व्हिस, पाठोपाठ कोर्टमधल्या जाळ्याकडे धाव आणि टप्पा पडण्याआधीच मारलेली नेमकी व्हॉली, या खेळाला ती छोटी, जड, घट्ट रॅकेट जणू मापाने बेतलेली होती.

पॅरिसच्या लाल मातीने मात्र त्याला जिंकू दिले नाही. फ्रेंच ओपनमध्ये तो १३ वेळा उतरला आणि १९९६ ची उपांत्य फेरी हीच त्याची मजल राहिली. मातीवर चेंडू खांद्यापर्यंत उसळतो, तो खालून वर घासून फिरकीने परतवावा लागतो आणि त्यासाठी रॅकेट तिरपी धरली की ८५ चौरस इंचांतील उपयोगाची जागा आणखी आक्रसते. तरीही सगळा दोष रॅकेटवर टाकणे मला पटत नाही. याच रॅकेटने त्याने १९९४ मध्ये रोमची मातीवरील स्पर्धा जिंकली. १९९५ च्या डेव्हिस कप या देशांच्या सांघिक स्पर्धेच्या अंतिम लढतीत मॉस्कोच्या मातीवर पहिला सामना जिंकताच तो पेटके येऊन कोसळला, त्याला उचलून न्यावे लागले, आणि तरीही दुहेरी व दुसरी एकेरी जिंकून अमेरिकेचे तिन्ही गुण त्याने मिळवून दिले.

१९९७ मध्ये गुस्ताव्हो कुएर्तेनने जास्त फिरकी देणाऱ्या पॉलिएस्टरच्या तारांनी फ्रेंच ओपन जिंकली आणि फिरकीचे युग वेगाने जवळ आले. २००१ च्या विम्बल्डनमध्ये सॅम्प्रसला पाच सेटमध्ये हरवणाऱ्या १९ वर्षांच्या रॉजर फेडररच्या हातातही तीच ८५ इंची प्रो स्टाफ होती. फेडररने पुढे चौकट मोठी केली आणि उभ्या तारा तातीच्या ठेवून आडव्या पॉलिएस्टरच्या घेतल्या. सॅम्प्रसने काहीच बदलले नाही. दोन वर्षांहून अधिक काळ एकही विजेतेपद नसताना, २००२ च्या अमेरिकन ओपनच्या अंतिम फेरीत तो पुन्हा आगासीसमोर उभा राहिला. आगासीच्या हाती १०७ चौरस इंचांची रॅकेट होती. सॅम्प्रसने चार सेटमध्ये सामना जिंकला. ते त्याचे चौदावे ग्रँड स्लॅम विजेतेपद होते, आणि त्यानंतर तो व्यावसायिक स्पर्धेत एकही सामना खेळला नाही. निवृत्तीनंतर त्याने मोठ्या चौकटी हाताळून पाहिल्या आणि मातीवर तरी अशी रॅकेट वापरून बघायला हवी होती, अशी खंतही बोलून दाखवली.

(दृश्य: पुन्हा तेच दुकान, दुसरी सकाळ.)

काल ७५ पौंडांनी ओढलेली रॅकेट कारागिराने कानाजवळ धरून बोटाने छेडली. आवाज स्पष्टपणे उतरला होता. चौकट वेडीवाकडी ओढली जाऊ नये म्हणून त्यांनी कात्री आधी मधल्या तारांना लावली, आणि मग तेथून ते कडांकडे एकेक तार कापत गेले.