आईला तारीख नको, तिथी विचारा

श्रोतेहो, नमस्कार.

गणपतीला चाकरमानी गावी येतात आणि वर्षभर फोनवर जे कळलं नाही ते दोन दिवसांत दिसतं. जन्मभर मोदकांची उकड काढलेली आई शेगडीपुढे नुसतीच उभी असते. पाणी उकळून आटत येतं, पण आता पीठ घालायचं हे तिला सुचत नाही. सून हळूच गॅस बंद करते. घरात म्हणतात, वय झालं. कुणी देवळात कौल लावायला सुचवतं. लावा की, पण डॉक्टरकडेही न्या. चष्मा कुठे ठेवला ते सगळेच विसरतात. सवयीच्या कामाचा क्रम सुटला, नेहमीच्या पाणंदीत वाट चुकली, की डिमेन्शियाची, म्हणजे स्मृतिभ्रंशाची शंका घ्यावी.

२०२१ साली जगात ५ कोटी ७० लाख लोकांना डिमेन्शिया होता. त्यातले ६० टक्क्यांहून जास्त आपल्यासारख्या गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत. भारतातला अंदाज ८८ लाखांचा.

अल्झायमर हा डिमेन्शियाचाच सगळ्यांत जास्त आढळणारा प्रकार. त्यावरच्या नव्या औषधांच्या बातम्या तुम्ही ऐकल्या असतील. त्यातल्या लेकॅनेमॅबला अमेरिकेत २०२३मध्ये पूर्ण मान्यता मिळाली. तिथली किंमत वर्षाला २६,५०० डॉलर, म्हणजे वीस लाख रुपयांच्या वर. जपानने ते सरकारी आरोग्य विम्यात घेतलं. ब्रिटनने २०२४मध्ये परवाना दिला. पण खर्चाच्या मानाने गुण तोकडा, म्हणून सरकारी सेवेत ते देऊ नये असा सल्ला तिथे लगेच आला. गुण तरी किती? दीड वर्षाच्या चाचणीत घसरण २७ टक्क्यांनी मंदावली. गेलेली स्मृती परत येत नाही. दर पंधरवड्याला शिरेतून औषध, त्याआधी पेट स्कॅन किंवा पाठीच्या कण्यातलं पाणी तपासणं, मेंदूला सूज किंवा रक्तस्राव होत नाही ना म्हणून पुन्हापुन्हा एमआरआय. सावंतवाडीहून गोव्यातलं बांबोळीचं रुग्णालय गाठणाऱ्या किंवा राजापूरहून घाट चढून कोल्हापूरला जाणाऱ्या म्हाताऱ्याला हे कसं झेपावं?

शिवाय हे औषध फक्त सुरुवातीच्या टप्प्यासाठी. आपल्याकडे निदानच होतं ते माणूस रात्री-अपरात्री घराबाहेर पडायला लागल्यावर. म्हणून मला औषधापेक्षा निदानाची काळजी जास्त वाटते. त्यात विचारायचे प्रश्नही आपले हवेत. जिचं वर्ष एकादशी-संकष्टीवर चालतं, तिला इंग्रजी तारीख आली नाही म्हणून गुण कापणं हा शुद्ध अन्याय! हरियाणात बल्लभगडला शाळा न पाहिलेल्या वृद्धांसाठी स्मृतीची अशी चाचणी तीस वर्षांपूर्वीच बदलून घेतली होती.

बी-१२ आणि थायरॉईडची रक्ततपासणी तालुक्याच्या गावी होते. या दोन्हींतला दोष किंवा मनातली उदासी यांमुळेही विसर पडतो, आणि त्यावर इलाज आहे. अल्झायमरसाठी डोनेपेझिल ही जुनी गोळी आपल्याकडे स्वस्तात मिळते. काहींना ती काही काळ बरा आधार देते. कुणाशी बोलावंसं वाटलं तर टेलीमानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा नंबर मोफत आहे.

डॉक्टरकडे जाताना आईसोबत रोज राहणारं माणूस न्या, मुंबईहून कालच आलेला मुलगा नको. आणि घरातल्या सगळ्या गोळ्यांच्या पट्ट्या पिशवीत घाला. झोपेच्या आणि सर्दीच्या काही गोळ्यांनीही डोकं मंदावतं, आणि त्या गोळ्यांची नावं सहसा कुणाला सांगता येत नाहीत.