झाड घडीतून उठतं

विषय जाहीर झालाय तो म्हणजे घरी हाताने करायचं नाताळचं पॉप-अप कार्ड. कृती सांगणारच आहे. पण आधी बरीच वर्षं मनात साचलेलं थोडं बोलून घेतो.

त्रिमिती कार्ड म्हटलं की लोक कापूस, टिकल्या आणि फोमचे तुकडे घेऊन बसतात. झाडावर कापूस चिकटवला की झालं त्रिमिती! नाही होत. तो नुसता उंचवटा असतो, आणि लिफाफ्यात तोच आधी चेपतो. खरी तिसरी मिती घडीतून येते. मिटलेलं कार्ड सपाट असतं, आणि झाड उठतं ते उघडणाऱ्याच्या हातांनी.

नाताळ कार्ड मुळात टपालाच्याच घरात वाढलंय. १८४० साली ब्रिटनमध्ये एका पेनीत पत्र जाऊ लागलं. त्या सुधारणेसाठी झटलेल्या हेन्री कोल यांनीच १८४३ मध्ये लंडनला जॉन हॉर्सली या चित्रकाराकडून पहिलं छापील नाताळ कार्ड करून घेतलं. ते सपाट होतं. म्हणून मी म्हणतो, जे टपालातून धड पोचत नाही, ते कार्ड नव्हे.

हे मी एका शेंड्यावरून शिकलो. एका मैत्रिणीसाठी हिरव्या जाड कागदाचं झाड केलं होतं, मध्यघडीवर चिकटवलेलं. उघडलं की दिमाखात उभं राहायचं. मिटल्यावर शेंडा जेमतेम दोन मिलिमीटर बाहेर डोकवायचा. मी काय केलं? लिफाफा मोठा घेतला. पुढे तिच्याकडे गेलो तर कार्ड कपाटावर मांडलेलं होतं. वाकलेला शेंडा तिने नखाने सरळ केला होता, आणि जिथे मोडला तिथे हिरव्या रंगातून कागदाचा पांढरा गाभा दिसत होता. ती काही बोलली नाही. मला मात्र ती पांढरी रेघ अजून दिसते. झाडाची उंची मी उघड्या कार्डावर मोजली होती. मोजायची असते मिटलेल्यावर.

जपानी वास्तुविशारद मासाहिरो चातानी यांनी १९८०च्या दशकात एकाच कागदाला चिरा आणि घड्या देऊन अख्ख्या इमारती उभ्या केल्या. वेगळं काही चिकटवायचं नाही. त्यांच्याबद्दल अजून सांगायचं होतं, पण चिठ्ठी आलीय, पाचच मिनिटं उरलीत. तर भराभर कृती.

साधारण १८० जीएसएमचा, म्हणजे चौरस मीटरला १८० ग्रॅम भरेल इतका जाड, ए४ कागद घ्या. दोन्ही दिशांनी हलकेच वाकवून बघा. ज्या दिशेने सहज वाकतो, त्याच दिशेने मधली घडी पडली तर ती फाटत नाही. घडीच्या रेषेवरून आधी रिकामं बॉलपेन फिरवा, मग पुस्तकासारखं दुमडा. पान साधारण १४.८ सेंटिमीटर रुंद होईल.

आता घडीच्या कडेवर, वरून तीन सेंटिमीटरवर खूण करा. तिथून खाली तिरकी रेघ ओढा. १४ सेंटिमीटर खाली आल्यावर ती घडीपासून सहा सेंटिमीटर दूर असू द्या. घडीपासून त्या रेघेपर्यंत दर सेंटिमीटरला आडवी चीर द्या. सगळ्या पट्ट्या तिरक्या रेघेवर पुढे-मागे दोनदा दुमडा. कार्ड अर्धवट उघडा आणि एक सोडून एक पट्टी आत ढकला. मिटून दाबा.

सहा सेंटिमीटरच का? पट्टी आत गेली की तिचं टोक जास्तीत जास्त चिरेच्या दुप्पट लांब पोचतं. सहा दुणे बारा, म्हणजे पानाच्या आतच. शेंडा बाहेर येण्याचा प्रश्नच उरत नाही.

बाहेरून दुसरा कागद लावाल तेव्हा गोंद फक्त कडांना लावा. झाडामागे लागला तर पट्ट्या अडकतील.

कागद तुमच्यासमोर आहेत, कात्र्या टेबलावर. घाला घडी.