घरापासून दोन वर्षं लांब: जपानमधला मॉर्मन मिशनरी

पांढरा शर्ट, टाय, डोक्यावर हेल्मेट, खिशावर काळी नेमप्लेट आणि सायकलवर दोन तरुण पोरं. जपानमध्ये नागोया, फुकुओका, साप्पोरो अशा कुठल्याही शहरात थोडे दिवस राहिलात तर ही जोडी कधी ना कधी दिसतेच, आणि बहुतेक लोक नजर चुकवून पुढे निघून जातात. आज आपण त्यातल्या एकाच्या मागे मागे जाऊया. हा कुणी एक ठरावीक मुलगा नाही बरं का, अशा कित्येक मुलांच्या दिवसांची मोट बांधून सांगतेय.

वय १९. म्हणजे आपल्याकडे एफवाय, एसवायला असतो तेवढा पोरगा.

त्याच्या चर्चचं पूर्ण नाव चर्च ऑफ जीझस ख्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स. २०१८ पासून चर्चचाच आग्रह आहे की आम्हाला मॉर्मन म्हणू नका, पण लोक अजून त्याच नावाने ओळखतात म्हणून मीही तेच वापरतेय. १८३० साली अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यात जोसेफ स्मिथने स्थापन केलेला हा पंथ, मुख्यालय युटामधल्या सॉल्ट लेक सिटीला, आणि आज जगभरात त्यांचे ७० हजारांवर मिशनरी आहेत. मुलांनी दोन वर्षं द्यायची, मुलींनी १८ महिने. २०१२ मध्ये मुलांचं किमान वय १९ वरून १८ केलं आणि मुलींचं २१ वरून १९, तेव्हापासून मुली खूप मोठ्या संख्येने जायला लागल्या.

कुठे जायचं हे मात्र त्याच्या हातात नसतं. फॉर्म भरायचा, डॉक्टरचं, डेंटिस्टचं सर्टिफिकेट जोडायचं आणि वाट बघत बसायचं. पूर्वी घरी पोस्टाने मोठं पांढरं पाकीट यायचं, आता ऑनलाइन येतं, पण आजी-आजोबा, मामा-मावश्या, मित्र सगळे हॉलमध्ये जमतात आणि तो सगळ्यांसमोर मोठ्याने वाचतो. ब्राझील निघेल, घाना निघेल, नाहीतर शेजारचंच राज्य. याला निघालं जपान. पगार वगैरे काही नाही, उलट अमेरिकेतून जाणाऱ्याला २०२० पासून महिन्याला ५०० डॉलर स्वतः भरावे लागतात, त्यामुळे बरीच मुलं शाळेत असल्यापासून सुट्टीत कामं करून पैसे साठवतात आणि उरलेले आई-वडील घालतात.

आधी युटामध्येच प्रोव्होच्या ट्रेनिंग सेंटरला काही आठवडे. तिथे पन्नासहून जास्त भाषा शिकवतात आणि शिकवणारे बरेचसे त्याच देशातून नुकतेच परत आलेले विद्यार्थी असतात. पोराला वाटतं, आता येतं आपल्याला जपानी. मग विमानातून उतरतो, पहिली म्हातारी आजी त्याच्याशी तिच्या गावच्या बोलीत बोलते आणि त्याला एक शब्द कळत नाही.

सकाळी साडेसहाला उठायचं, व्यायाम, आंघोळ, नाश्ता, मग धर्मग्रंथाचा अभ्यास, भाषेचा अभ्यास, आणि दहाच्या सुमारास सायकल बाहेर. रात्री नऊला परत, साडेदहाला दिवे बंद. टीव्ही नाही, सिनेमा नाही, डेटिंग नाही. चहा, कॉफी, दारू, सिगरेट तर त्यांच्या धर्मातच नाही.

आता दारावर जाऊ. जपानी घरांना बाहेर बेल आणि कॅमेरावाला इंटरकॉम असतो, म्हणजे दार उघडायचीसुद्धा गरज नाही. तो बेल दाबतो, कॅमेऱ्यासमोर जरा मागे सरकून उभा राहतो म्हणजे चेहरा नीट दिसेल, हेल्मेट काढून हातात धरतो, जुलैच्या दमट उन्हात शर्ट पाठीला चिकटलेला. आतून बाईचा अगदी मृदू आवाज येतो, "केक्को देस", म्हणजे नको, राहू द्या. तो कंबरेत वाकून आभार मानतो, बंद इंटरकॉमसमोर, आणि पुढच्या बेलकडे जातो. अशी अख्खी गल्ली, मग दुसरी गल्ली. ज्या वयात एका मुलीने मेसेजला रिप्लाय दिला नाही तर रात्रभर झोप लागत नाही, त्या वयात हा मुलगा दिवसभर नकार ऐकतो, तेही परक्या भाषेत, आणि दुसऱ्या दिवशी परत साडेसहाला उठतो. घरोघरी जाऊन धर्म सांगणं मला पटत नाही, पण या मुलाच्या चिवटपणाबद्दल मला मनापासून आदर वाटतो.

आणि तो एकटा कधीच नसतो, हे महत्त्वाचं. सोबत एक कम्पॅनियन, तो कोण हे वर ठरतं, आणि चोवीस तास त्याच्या नजरेच्या टप्प्यात राहायचं. कधी तो आयडाहोचा शेतकऱ्याचा मुलगा असतो, कधी ओसाकाचा जपानी. जमो न जमो, एकाच छोट्या फ्लॅटमध्ये राहायचं, एकत्र स्वयंपाक, एकत्र प्रार्थना, भांडण झालं तर दार आपटून निघून जायची सोय नाही. दर सहा आठवड्यांनी ट्रान्सफरचा निरोप येतो, कधी गाव बदलतं, कधी जोडीदार. माझ्या मते मिशनमधलं खरं शिक्षण इथे होतं, दारावर नाही.

हे सगळं सुरू कसं झालं ते बघा. ऑगस्ट १९०१ मध्ये योकोहामा बंदरात चार मॉर्मन उतरले, प्रमुख होते हीबर ग्रँट. मॉर्मन आहेत कळल्यावर एका बोर्डिंग हाउसने त्यांना खोली द्यायला नकार दिला आणि पेपरांमध्ये वाद पेटला. त्यांच्यात सगळ्यात लहान होता आल्मा टेलर, नुकतीच १९ पूर्ण झालेला. ग्रँट १९०३ मध्ये परत गेले, पण हा मुलगा राहिला, साडेआठ वर्षं राहिला, जपानी शिकला आणि त्यांचा अख्खा ग्रंथ, बुक ऑफ मॉर्मन, त्याने जपानीत आणला, जपानी जाणकारांकडून तपासून घेत घेत, १९०९ मध्ये तो छापून झाला. विचार करा, कोवळ्या वयात आलेला पोरगा सत्ताविशीत परत जातो, तारुण्य सगळं तिकडेच. आणि फळ काय? १९२४ मध्ये ते मिशन बंद झालं, तेवीस वर्षांत बाप्तिस्मा घेतलेले लोक दोनशेच्याही आत. बंद करायचा निर्णय घेतला तोही ग्रँट यांनीच, तोवर ते चर्चचे अध्यक्ष झाले होते.

मग युद्ध झालं. १९४५ च्या शेवटी नागोयाजवळ नारुमीमध्ये काही अमेरिकन सैनिक तात्सुई सातो नावाच्या गृहस्थाकडे आले, घरच्यांनी रीतीप्रमाणे चहा पुढे केला आणि सैनिकांनी नम्रपणे नाही म्हटलं. जिंकलेल्या फौजेतला माणूस चहा का नको म्हणतो, म्हणून सातोंनी विचारलं, त्यातून बोलणं वाढलं. १९४६ मध्ये सातोंनी बाप्तिस्मा घेतला, पुढे बुक ऑफ मॉर्मनचं नवं जपानी भाषांतरही त्यांनीच केलं. मिशन १९४८ मध्ये परत सुरू झालं. आजही कुणी आपल्या मिशनऱ्याला घरात बोलावलं तर चहाऐवजी मुगिचा देतात, भाजलेल्या जवाचं थंडगार पेय, ते त्यांना चालतं.

आणि हे आपल्यापासून फार लांबचं आहे असंही नाही. त्याच्या कितीतरी आधी, १८५२ मध्ये, ह्यू फिंडली नावाचा मॉर्मन मिशनरी मुंबईत उतरून आपल्या पुण्यात आला होता, त्याने तिथे छोटी शाखाही काढली. काही वर्षांत सगळं बंद पडलं.

घरच्यांचं काय? २०१९ पर्यंत घरी फोन वर्षातून दोनदाच, ख्रिसमसला आणि मदर्स डेला, बाकी आठवड्याला ईमेल. फेब्रुवारी २०१९ मध्ये नियम बदलला, आता सुट्टीच्या दिवशी, म्हणजे कपडे धुणं, बाजारहाट असतो त्या दिवशी, दर आठवड्याला व्हिडिओ कॉल करता येतो. खरं सांगू, हे आधीच व्हायला हवं होतं. पुढच्याच वर्षी कोविड आला आणि हजारो मुलांना तातडीने मायदेशी आणावं लागलं, तेव्हा घरच्यांचा चेहरा स्क्रीनवर तरी दिसण्याची किंमत सगळ्यांनाच कळली.

आणखी एक गोष्ट, जी पोस्टरवर नसते. काही मुलं मध्येच परत येतात, कुणाची तब्येत, कुणाला डिप्रेशन, कुणाचा विश्वासच डळमळतो. दोन वर्षं पुरी करून आलेल्याला विमानतळावर बॅनर, फुगे, आणि आठव्या महिन्यात आलेल्याला मात्र रविवारी चर्चमध्ये "काय रे, एवढ्यात?" असं विचारणाऱ्या नजरा. त्या मुलाने आठ महिने रोज त्याच बेल दाबलेल्या असतात, तोच पाऊस, तेच ऊन सोसलेलं असतं, पण ते कुणी मोजत नाही, आणि मला याचा खरंच राग येतो. चर्चने आता अशा मुलांसाठी घरी राहून करायचं सर्व्हिस मिशन ठेवलंय, फूड बँकेत वगैरे काम करायचं, आणि मध्येच परत आलेली काही मुलं आपला उरलेला काळ तिथे पूर्ण करतात.