कावळ्याच्या नजरेआड

श्रोतेहो, नमस्कार. नाथसागर म्हटला की आपल्याला हिवाळी पाहुणेच आठवतात. पैठणच्या या जलाशयाला १९८६ मध्ये पक्षी अभयारण्याचा दर्जा मिळाला, तेव्हापासून तर जास्तच. पण मराठवाड्यातल्या धरणांवर, गावतळ्यांवर काही बदकं बारमाही राहतात आणि पावसाळ्यात इथंच अंडी घालतात. त्यांच्याकडे सहसा कुणी बघत नाही.

हळदी-कुंकू बदकच घ्या. पाण्यालगतच्या गवतात, जमिनीवरच मादी घरटं करते. गवत अंथरते, स्वतःच्या छातीची मऊ पिसं उपटून आत अस्तर लावते. सात-आठ, कधी त्याहून जास्त अंडी. ती साधारण २४ दिवस उबवायची. मध्येच चरायला जाताना हीच पिसं अंड्यांवर ओढून घेते, पोरावर गोधडी ओढावी तशी.

तरीही कावळा टपलेला असतोच. त्याचा सगळा कारभार डोळ्यांवर. बांधावरच्या बाभळीवर नाहीतर विजेच्या तारेवर बसून बदक कुठून उठतं, कुठं उतरतं, हे तो हेरत राहतो. त्यामुळे गवत नुसतं उंच असून भागत नाही, ते वरून मिटलेलं हवं. लव्हाळ्याची, पाणकणसाची पाती घरट्यावर झुकून छत झालं, तर वरून जाणाऱ्याला पत्ता लागत नाही. गुरं मधून गेली की त्या छताला भगदाड पडतं. शिवाय हिरवा पट्टा बांधाकडेनं दोन-चार हातांचाच असेल, तर दाट असूनही तो धुंडाळायला कावळ्याला कितीसा वेळ लागणार? मुंगसाची गोष्ट वेगळी. ते वासावर येतं, त्याला छताची अडचण नाही.

मृगात पाऊस लागला तर आडोसा लवकर तयार होतो. पावसानं दडी मारली की चाऱ्याची मारामार, मग काठावरचं पातं न् पातं गुरांच्या पोटात जातं. यात शेतकऱ्याला बोल लावण्यात अर्थ नाही. दावणीची जनावरं आधी जगली पाहिजेत. हौशी फोटोवाल्यांना मात्र मी जरूर बोल लावीन. फोटो स्वच्छ यावा म्हणून गवत वाकवायचं, मादीला उठवायचं! घाबरून उठलेली मादी अंडी झाकायला थांबत नाही, आणि वाकवलेलं गवत लगेच उभं राहत नाही. बघायचंच असेल तर लांबून, दुर्बिणीनं बघा. आणि त्याआधी बाभळीवर कोण बसलंय तेही बघून घ्या.

नमस्कार.