तीस टाके, तीस कंगोरे

(दृश्य: टेबलावर विणलेला निळा तुकडा. एक हात लोकरीचं टोक धरून ओढतो. ओळी भराभर उसवत जातात.)

निवेदन:

मागावर विणलेल्या कापडाला हे जमत नाही. सुयांवर विणलेल्या तुकड्याचं टोक ओढलं, की वरची ओळ सुटते आणि तिच्यामागोमाग खालची. मिनिटभरात तुकडा नाहीसा होतो आणि हातात सगळीच्या सगळी लोकर परत येते. थोडी कुरळी झालेली असते, एवढंच. शिवणकामात कात्री चुकली, की कापड गेलं. इथे चुकलं तर फक्त वेळ जातो. नवशिक्यासाठी याहून सोयीचं हस्तकाम शोधून सापडणार नाही, तरी बहुतेक जण उसवायला घाबरतात. या फिल्ममध्ये आपण बिनधास्त उसवणार आहोत.

(दृश्य: भिंगातून दिसणारी वीण. इंग्रजी ‘व्ही’सारख्या टाक्यांच्या उभ्या रांगा.)

हे उसवणं शक्य होतं, कारण सगळा तुकडा एकाच धाग्याचा असतो. सुईवर फासांची एक ओळ असते. प्रत्येक फासातून नवा फास ओढून काढायचा आणि जुना सोडून द्यायचा. स्वेटर असो की मोजे, विणकामात याखेरीज दुसरं काही घडत नाही. अंगातल्या टी-शर्टकडे बारकाईने पाहा, तिथेही हेच फास दिसतील, फक्त फार बारीक. फास ओढण्याचं हे काम यंत्राकडून करून घेण्याची कल्पना इंग्लंडमध्ये विल्यम ली यांनी १५८९ साली प्रत्यक्षात आणली. त्यांचं यंत्र मोजे विणण्यासाठी होतं.

लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात इजिप्तमध्ये सापडलेले लाल लोकरीचे मोजे आहेत, सुमारे सोळाशे ते सतराशे वर्षांपूर्वीचे. सपातांचा पट्टा बसावा म्हणून त्यांचा अंगठा वेगळा केलेला आहे. पाहणाऱ्याला ते दोन सुयांवर विणल्यासारखे वाटतात, पण ते तसे नाहीत. ते एकाच सुईने केलेले आहेत. त्या पद्धतीत दर टाक्याला धाग्याचं अख्खं टोक फासातून ओवून घ्यावं लागतं. त्यामुळे धागा तुकड्यातुकड्यांनी जोडत न्यावा लागतो, आणि काम चुकलं तर टोक ओढून सुटत नाही. दोन सुयांचं विणकाम त्यानंतर आलं आणि धाग्याचा गुंडा मोकळा राहिला.

(दृश्य: सुया, लोकरीचे गुंडे, बोथट सुई, कात्री, मोजपट्टी.)

सामान थोडंच लागतं. सुया साधारण साडेचार ते पाच मिलीमीटर जाडीच्या घ्या. सुयांवरच्या क्रमांकांवर मात्र विसंबू नका. जुन्या ब्रिटिश पद्धतीत आठ क्रमांकाची सुई चार मिलीमीटरची असते, अमेरिकी पद्धतीत आठ म्हणजे पाच. शिवाय ब्रिटिश पद्धतीत क्रमांक वाढला की सुई बारीक होते आणि अमेरिकी पद्धतीत जाड. मिलीमीटर सगळीकडे सारखेच, तेवढेच पाहा. लाकडाच्या किंवा बांबूच्या सुयांवरून टाके सहज घसरत नाहीत. धातूच्या सुया झपाझप चालतात, पण ती झपझप अजून तुमच्या कामाची नाही.

लोकर मध्यम जाडीची, गुळगुळीत, फिक्या रंगाची आणि एकाच रंगाची हवी. दुकानात हात आपोआप काळ्या, लांब केसाळ किंवा चमकीच्या लोकरीकडे जातो. त्या लोकरीत टाका दिसतच नाही, आणि जो टाका दिसत नाही तो मोजणार कसा?

मेंढीच्या लोकरीचा तंतू मुळातच नागमोडी असतो, म्हणून ती ताणते आणि परत जागेवर येते. नवशिक्याचे लहानमोठे टाके ती बरेच सांभाळून घेते. सुती धागा ताणत नाही आणि चुका लपवत नाही, पण पाणी शोषतो, म्हणून पुसणी करायला तोच बरा. अ‍ॅक्रिलिक स्वस्त असतं आणि धुवायला सोपं. मात्र ते उष्णतेने वितळतं. गरम भांडी उचलायचं फडकं त्याचं अजिबात करू नका.

(दृश्य: दोन हात, संथ गतीत. पहिली ओळ.)

आता पहिली वस्तू. जवळपास प्रत्येक जण नवशिक्याला मफलर करायला सांगतो. आम्ही सांगणार नाही. मफलर दीड मीटर लांब असतो, आणि पहिल्या वीतभर कामात हात रोज बदलत असतो. सुरुवातीची वीण घट्ट, पुढची सैल, आणि मधे कुठेतरी कंटाळा. कपाटांमधून अर्धे मफलर सुयांसकट पडून असतात ते यामुळेच. त्यातही एक ओळ सुलट आणि एक उलट असा मफलर केला, तर तो दोन्ही कडांनी आत वळून त्याची नळी होते. ती तुमची चूक नाही, त्या विणीचा स्वभावच तसा आहे.

त्याऐवजी चौकोन करा. तीस टाके घाला. टाके घालण्यासाठी जे टोक सोडायचं, ते होणाऱ्या रुंदीच्या तिप्पट, वर वीतभर जास्त. टाके सुईवर सहज सरकले पाहिजेत. आवळून घातलेल्या टाक्यांत दुसरी सुई शिरत नाही, आणि पहिल्याच ओळीला माणूस वैतागतो.

सुलट टाका असा. लोकर कामाच्या मागे ठेवा. उजवी सुई डाव्या सुईवरच्या पहिल्या फासात पुढून मागे घाला. लोकर तिच्याभोवती फिरवा. ती फासातून पुढे ओढा. जुना फास डाव्या सुईवरून सोडा. घाला, फिरवा, ओढा, सोडा. ओळ संपली, की सुया हातांत अदलाबदल करा आणि पुन्हा तेच. उलट टाक्याची आत्ता गरज नाही. सुलट टाका मागच्या बाजूने पाहिला की उलट दिसतो, म्हणजे तो तुम्ही नकळत करतच आहात.

(दृश्य: तुकड्यावरचे आडवे उंचवटे. बोट एकेक मोजत वर सरकतं.)

सगळ्या ओळी सुलट विणल्या, की दोन्ही बाजूंना आडवे कंगोरे उठतात. दोन ओळींचा एक कंगोरा. या विणीच्या कडा वळत नाहीत, ती जाड आणि लवचीक असते आणि तिच्यात एक सुरेख हिशेब दडलेला आहे: जितके टाके, तितके कंगोरे झाले की चौकोन तयार. तीस टाक्यांवर तीस कंगोरे, म्हणजे साठ ओळी. लोकर जाड असो की बारीक, प्रमाण जवळजवळ तेच राहतं. मोजपट्टीशिवाय चौकोन.

(दृश्य: बिघडलेला तुकडा. खाली अरुंद, वर रुंद.)

आणि हा आपला खरा पहिला चौकोन. तीस टाक्यांनी सुरू झाला, वर छत्तीस झाले. हे जवळजवळ सगळ्यांचं होतं, आणि कारण बहुधा एकच असतं. ओळीच्या सुरुवातीला लोकर सुईच्या वरून मागे खेचली गेली, की पहिल्या टाक्याचे दोन्ही पाय वर उचलले जातात आणि एकाचे दोन टाके दिसू लागतात. आपण दोन्ही विणतो. लोकर सुईच्या खालून मागे न्यायची, वरून नाही. तुकड्याच्या मधोमध टाका वाढला असेल आणि तिथे भोक दिसत असेल, तर लोकर कामाच्या पुढे राहून गेली होती.

टाके कमी झाले असतील, तर एखादा गळला आहे किंवा दोन एकत्र विणले गेले आहेत. गळलेला टाका दिसला, की आधी त्यात सेफ्टी पिन अडकवा. मग जिथे गळला त्या ओळीपर्यंत उसवा. उसवायची भीती वाटत असेल, तर दर दहा कंगोऱ्यांनी बोथट सुईत वेगळ्या रंगाचा दोरा ओवून सुईवरच्या सगळ्या टाक्यांतून काढून ठेवा आणि तो तसाच राहू द्या. काहीही बिघडलं, तरी उसवणं त्या दोऱ्यापाशी थांबेल.

वीण दगडासारखी होत असेल, तर तुम्ही सुईच्या निमुळत्या टोकावर टाके करत आहात. नवा फास सुईच्या जाड भागापर्यंत सरकू द्या. आणि ओळ अर्ध्यात सोडून उठू नका, परत आल्यावर कुठल्या दिशेला विणायचं ते कळत नाही.

शेवटी टाके बंद करायचे. दोन टाके विणा, पहिला दुसऱ्यावरून उचलून पलीकडे सोडा. एक विणा, पुन्हा मागचा उचलून सोडा. इथे सगळ्यांचेच हात आवळतात, म्हणून बंद करताना एक माप जाड सुई घ्या. उरलेली टोकं गाठ मारून कापू नका. बोथट सुईने कंगोऱ्यांमधून पुढेमागे ओवून जिरवा.

(दृश्य: वेगवेगळ्या मापांचे चौकोन आणि आयत. हात घडी घालून दाखवतात.)

चौकोन जमला की पुढचं बरंचसं काम घडीचं आहे. वीस टाक्यांचा चौकोन म्हणजे कपाखाली ठेवायची चकती, भले ती चौकोनी असो. चाळीस टाके सुती धाग्यावर घातले, की पुसणं. तळव्याभोवती बसेल असा आयत दुमडून कड शिवा आणि अंगठ्यासाठी चारेक सेंटीमीटरची फट सोडा: बोटं मोकळी ठेवणारे हातमोजे. दहा सेंटीमीटर रुंद पट्टी कपाळापासून कानांवरून फिरवून टोकं जोडली, की कानपट्टी. तिची लांबी डोक्याच्या घेरापेक्षा थोडी कमीच ठेवा, वीण ताणते.

टोपीसाठी आयत आडवा विणायचा. पंचवीस सेंटीमीटर भरतील इतके टाके घाला आणि डोक्याभोवती किंचित ताणून बसेपर्यंत विणत राहा. दोन टोकं जोडा, वरची कड सरळ शिवून टाका. डोक्यावर घातली की वरचे दोन कोपरे कानांसारखे उभे राहतात. मुलांना ही टोपी गोल टोपीपेक्षा जास्त आवडते, आणि करायला ती कितीतरी सोपी.

पण चौकोनातून निघणारी सगळ्यात मजेची वस्तू म्हणजे ससा.

(दृश्य: चौकोन सपाट पसरलेला. रंगीत दोऱ्याने त्यावर त्रिकोण उमटतो.)

तोच तीस टाक्यांचा चौकोन घ्या. बोथट सुईत लांब लोकर ओवा आणि चौकोनाच्या बरोबर मधून, एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत आडवी धावदोऱ्याची रेघ घाला. मग त्या रेघेच्या टोकापासून वरच्या कडेच्या मध्यापर्यंत तिरकी रेघ, आणि तिथून पहिल्या टोकापर्यंत दुसरी. त्रिकोण झाला. त्रिकोणाच्या आत मूठभर कापूस ठेवा आणि धाग्याची दोन्ही टोकं हलकेच ओढा. त्रिकोण फुगून डोकं होतं आणि वरचे दोन कोपरे आपोआप कान होऊन उभे राहतात. पहिल्यांदा पाहणारा माणूस हमखास हसतो. खालचा भाग पाठीकडून शिवत या, कापूस भरा, बुडाशी चुणून बंद करा. डोळे काळ्या धाग्याने भरा. खेळणं तान्ह्या मुलासाठी असेल, तर बटणं किंवा मणी लावू नका, ते निघून तोंडात जातात.

सशाला शेपटी हवी, आणि तिला सुया लागत नाहीत. दोन बोटांवर लोकर साठ-सत्तर वेळा गुंडाळा. गुंडाळी काढून मधोमध आवळून बांधा, पण दोरा सुती घ्या, लोकर ओढताना तुटते. दोन्हीकडचे फास कापा आणि कात्रीने गोल छाटत जा. गोंडा तयार. छाटताना हात आखडू नका, नवशिक्याचा गोंडा विस्कटलेला दिसतो तो कमी छाटल्यामुळे.

(दृश्य: एक मूल बोटांवर जाड लोकर विणतं.)

लहान मुलांच्या हातात सुया देण्याआधी बोटं वापरा. जाड लोकर चार बोटांमधून एकदा पुढून, एकदा मागून अशी नेऊन परत आणा. तसंच दुसऱ्यांदा. प्रत्येक बोटावर दोन फास झाले, की खालचा वरच्यावरून उचलून बोटामागे टाका. अशी लांब दोरी निघत जाते. तिचं वेटोळं करून टाके घातले, तर बाहुलीची चटई होते.

क्रोशाची गोष्ट वेगळी. तिथे टोकाला आकडी असलेली एकच सुई, आणि एका वेळी एकच फास उघडा असतो, म्हणून टाके गळण्याची धास्ती नाही. साखळी आणि खांब या दोन टाक्यांवर पुष्कळ काही होतं. तीन-तीन खांबांचे पुंजके आणि कोपऱ्यांवर साखळ्या, की मधून बाहेर वाढणारा चौकोन. परदेशी व्हिडिओ पाहून शिकत असाल, तर आधी एक खात्री करून घ्या: ब्रिटिश पद्धतीतला डबल क्रोशे म्हणजे अमेरिकी पद्धतीतला सिंगल. हे माहीत नसेल, तर तोच नमुना भलत्याच उंचीचा होतो.

(दृश्य: तुकड्यावर मोजपट्टी. टाके मोजणारी पेन्सिल.)

अंगावर नीट बसायला हवी अशी वस्तू कराल, तेव्हा मात्र आधी नमुन्याचा तुकडा विणा. हे काम कुणालाच आवडत नाही. पण आकडे पाहा. पुस्तकात दहा सेंटीमीटरला वीस टाके सांगितले असतील, तर शंभर टाक्यांची टोपी पन्नास सेंटीमीटरची होते. तुमचा हात सैल असून अठराच टाके बसले, तर ती साडेपंचावन्न होईल आणि डोळ्यांवर उतरेल. बावीस बसले, तर साडेपंचेचाळीस, आणि ती दुसऱ्या कुणाला तरी द्यावी लागेल. हात बदलायला जाऊ नका, सुई बदला. सैल होत असेल तर बारीक सुई, घट्ट होत असेल तर जाड.

लागणारे गुंडे एकदमच घ्या आणि वेष्टनावरचा रंगाईचा गट क्रमांक जुळवून घ्या. एकाच नावाचा रंग दोन गटांत किंचित वेगळा येतो. गुंडे शेजारी ठेवले तर कळत नाही, विणल्यावर आडवी रेघ दिसते. वेष्टन जपून ठेवा, धुण्याच्या सूचना त्यावरच असतात.

(दृश्य: कोमट पाण्यात बुडवलेली टोपी. मग टॉवेलवर पसरलेली.)

मेंढीची लोकर गरम पाण्यात घासली, की तंतूंवरचे बारीक खवले एकमेकांत अडकतात आणि वस्तू आटून नमद्यासारखी होते. मग ती पूर्ववत होत नाही. कोमट पाण्यात बुडवून ठेवा. बाहेर काढताना खालून आधार द्या, पिळू नका, टॉवेलमध्ये गुंडाळून दाबा. मग सपाट पसरा, कडा हाताने सरळ करा, हवं तर टाचण्या लावा आणि पूर्ण वाळेपर्यंत हलवू नका. वाकडे कोपरे यात बरेचसे सुधारतात. दोरीवर मात्र टांगू नका, ओल्या लोकरीच्या वजनाने टोपीचा गळपट्टा होतो.