आत्याचा रेडिओ आणि शेजारचा मनोरा

नमस्कार, श्रोतेहो.

माझं सगळं आयुष्य रेडिओ दुरुस्तीत गेलं. त्यामुळे एक तक्रार तोंडपाठ झाली आहे. जवळच्या केंद्राची ताकद वाढली, की आठवड्याभरात कुणीतरी सेट पिशवीत घालून दुकानात हजर. “कालपर्यंत सगळी स्टेशनं लागत होती. आता काटा कुठंही न्या, तेच एक बोलतंय. सेट गेला का हो?”

सेट ठणठणीत असायचा. बिघडायचं ते शेजाराचं गणित.

माझ्या आत्याचं घर अशाच एका मनोऱ्याच्या बगलेत होतं. कुठल्या केंद्राचा, ते राहू द्या. दुपारची जेवणं झाली की तिला मीडियम वेव्हवर मुंबई लागे. मनोऱ्याची ताकद वाढली आणि तिचा निरोप आला: “मुंबईच्या बाई गायला लागल्या, की मागून हा मेला बाजारभाव सांगतो. ये आणि बघ.”

आता असं का होतं? केंद्राची ताकद दसपट केली म्हणजे लहरींचा जोर दसपट होतो, असं आपल्याला वाटतं. तसं नाही. जोर वाढतो ताकदीच्या वर्गमुळाच्या हिशेबानं. 10 किलोवॅटचे 100 केले, तर जोर साधारण 3.16 पट. लांबच्या खेड्यात खरखरीत बुडालेला आवाज तेवढ्यानं वर येतो, आणि त्यासाठीच हा खटाटोप असतो. पण मनोऱ्यापासून किलोमीटरभरावर, लहरींचा जोर दर मीटरला सुमारे 1 व्होल्ट होता तो 3 व्होल्टवर जातो. साध्या सेटला चांगलं ऐकायला त्याचा हजारावा भागही पुरतो!

एवढा मारा सेटच्या पहिल्याच ट्रान्झिस्टरवर झाला, की त्याचा तोल जातो. मग मुंबईच्या लहरीवर शेजाऱ्याचा आवाज उमटतो. एकदा उमटला की स्टेशनं निवडणाऱ्या पुढच्या कॉइली कितीही चांगल्या असोत, तो गाळता येत नाही. दुधात शाई पडल्यावर गाळणं काय कामाचं?

दुसरी एक गंमत. सेट कुठलंही स्टेशन आधी आतल्या एका ठरावीक लहरीवर आणतो, तिला आयएफ म्हणतात; बहुतेक सेटांत ती 455 किलोहर्ट्झ असते. त्यामुळे जोरदार स्टेशनाचं भूत तिच्या दुप्पट, म्हणजे 910 किलोहर्ट्झ खाली उभं राहतं. नागपूरला 1566 किलोहर्ट्झवर 1000 किलोवॅटचं केंद्र होतं, ते घ्या. त्याच्या जवळपास साध्या सेटचा काटा 656 वर नेला, तर तिथं तेच बोलायचा संभव असे. भाबडा माणूस म्हणणार, यांनी दोन-दोन जागा बळकावल्या.

या सगळ्याचा कळस झाला अमेरिकेत. ओहायो राज्यात सिनसिनाटीचं डब्ल्यूएलडब्ल्यू नावाचं केंद्र, 700 किलोहर्ट्झवरचं. मालक पॉवेल क्रॉस्ली. ते रेडिओ सेटही बनवून विकायचे, तेव्हा आवाज लांब पोचण्यात त्यांचा स्वार्थ उघड होता. 50 किलोवॅटचं हे केंद्र 1934 साली 500 किलोवॅटचं झालं. 2 मेच्या रात्री अध्यक्ष रूझवेल्ट यांनी व्हाइट हाउसमधून कळ दाबून ते सुरू केलं. मेसन गावातला मनोरा 831 फुटांचा. दोन्ही टोकांना निमुळता, मध्ये फुगीर, जणू उभी करून ठेवलेली विटी.

लांबचे लोक खूश. मेसनकडच्या लोकांच्या हकिकती मात्र ऐकण्यासारख्या आहेत: बटण बंद करूनही दिवे मिणमिणत, पन्हाळी आणि तारेची कुंपणं गाऊ लागत. मला यात चमत्कार वाटत नाही. धातूचे दोन तुकडे आणि मध्ये गंज, एवढ्यावर लहरीतून आवाज सुटा होऊ शकतो. जुन्या, बिनबॅटरीच्या क्रिस्टल सेटात याहून वेगळं काय होतं?

तक्रार सरकारदरबारी गाजली ती मात्र कॅनडातून. टोरांटोचं एक केंद्र 690 वर, म्हणजे अगदी भिंतीला भिंत. रात्री मीडियम वेव्ह आभाळातून परतून लांब जाते, आणि तिथल्या श्रोत्यांना आपलंच स्टेशन ऐकू येईना. शेवटी त्या दिशेला रात्री झोत कमी जाईल अशी एरियलची जोडणी करावी लागली. 1 मार्च 1939 रोजी केंद्र पुन्हा 50 किलोवॅटवर आलं. मला विचाराल, तर ताकद वाढवण्याआधी दोन-चार किलोमीटरच्या टापूतल्या घरांत सेट लावून पाहायला हवा. नकाशावर लांबची वर्तुळं काढायला सगळ्यांना आवडतं.

हां, आत्याचं राहिलं. सेटमध्ये फेराइटची काळी कांडी असते, तेच त्याचं मीडियम वेव्हचं एरियल. कांडीचं टोक ज्या दिशेला, तिकडचं स्टेशन सर्वांत क्षीण. म्हणून मी सेट टेबलावर ठेवून हळूहळू फिरवत गेलो. एका कोनावर बाजारभाव विरला आणि मुंबई मोकळी झाली. मुंबई आणि मनोरा एकाच रेषेत असते, तर हा उपाय चालला नसता. मग त्या स्टेशनाला अडवणारी कॉइल आणि गँग, म्हणजे फिरवून जुळवायचा कंडेन्सर, बसवावी लागली असती.

आत्यानं लगेच खडू आणून सेटभोवती चौकोन आखला. पुढं कुणी फडकं घेऊन त्या टेबलाकडे वळलं, की स्वयंपाकघरातून आवाज यायचा: “पुस, पण मुंबई हलवू नकोस!”